आयांची फिरती वही

(आपल्या संघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. बऱ्याच गटांनी मागणी केली म्हणून जसं बोललं गेलं तसंच छापत आहोत. – संपादक मंडळ)

दारात उभ्या आहात त्या ताया आत या. लेकरू रडलं तर रडू द्या, आजचा विषयच लेकराबाळांचा आहे.

आधीच एक गोष्ट कबूल करते. मला विषय दिलाय, ‘आयांनी आयांना दिलेला आधार’. आणि मी आई नाही. सव्वीस वर्षांची आहे, समाजकार्याची पदवी घेतली आणि तीन वर्षांपूर्वी या कामाला लागले. आज सकाळी जीपमध्ये एक काकू म्हणाल्यासुद्धा, “तुला ना लेकरू ना बाळ, तू काय सांगणार गं आईपणाचं?” बरोबर आहे त्यांचं. म्हणून मी माझं काही सांगणार नाही. तुमच्याकडून ऐकलेलं, तुमच्या हातचं वाचलेलं तेवढंच सांगते. गावाचं नाव घेणार नाही, गटाचं घेणार नाही. का घेणार नाही, ते पुढं येईल.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. एका गावात मासिक बैठक होती. बाराच्या बारा हजर. बचत जमा झाली, परतफेड झाली, मी पुस्तकं तपासली, एका रुपयाचाही फरक नाही. पंचसूत्री म्हणाल तर गटानं पैकीच्या पैकी मार्क घ्यावेत अशी. उठता उठता मी सहज म्हटलं, “पुढची बैठक पाच तारखेला नको बरं का, मला ट्रेनिंग आहे.” तर कोपऱ्यातली एक ताई म्हणाली, “बरंच झालं. मलाही पाचला लेकीला घेऊन जिल्ह्याला जायचंय.”

“कशाला?”

“ती बोलत नाही.”

लेक चार वर्षांची. आईचा पदर धरून दर बैठकीला यायची. आम्ही सगळ्या तिला ‘गुणी पोर’ म्हणायचो, कारण ती कधी त्रास द्यायची नाही. गट तीन वर्षांचा. गटाच्या पुस्तकात त्या ताईचं सगळं लिहिलेलं होतं. महिन्याची शंभर रुपये बचत, शेळीसाठी घेतलेलं दहा हजारांचं कर्ज, राहिलेले चार हप्ते. कोणत्या महिन्यात तिचा हप्ता दोन दिवस उशिरा आला तेसुद्धा मला तोंडपाठ होतं. आणि तिची लेक बोलत नाही हे मला माहीत नव्हतं. शेजारणींना माहीत होतं म्हणे. पण त्या तिच्या पाठीमागं बोलायच्या, तिच्याशी नाही.

मला वाटलं आता सगळ्या सल्ले द्यायला लागतील. अमक्या देवाला जा, तमकं चाटव. पण सगळ्यात वयस्कर मावशी होत्या, त्यांनी एवढंच विचारलं, “रात्री झोप लागते का गं तुला?” त्यावर ती जी रडली ती पंधरा मिनिटं थांबली नाही. मग दुसरी म्हणाली, माझ्या भावाचा पोरगाही बोलायचा नाही, आम्ही त्याला हट्टी समजून मारलं. नंतर कळलं त्याला ऐकूच येत नव्हतं. मारलेलं आठवलं की अजून घास गिळत नाही. तिसरीनं सांगितलं की आधी कान तपासून घे, मग बाकीचं. दिवे लागेपर्यंत बैठक चालली. माझी पुढच्या गावची बैठक चुकली, ऑफिसातून बोलणी खाल्ली. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हा गट आहे.

पाच तारखेला ती ताई एकटी गेली नाही, गटातली एक जण सोबत होती. बहुतेक जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयाला जोडून शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. लेकराचं ऐकणं, बोलणं, नजर, हातापायांची वाढ तिथं तपासतात, आणि लागेल तशी थेरपी देतात. आपल्या अंगणवाडीत तपासणीचं पथक येतं ना, तेही तिथंच पाठवतं. पण हेलपाटे पडतात. दर वेळी एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं आणि घरचे म्हणतात, एवढं फिरून फरक काय पडला? फरक हळूहळू पडतो. तोवर आईला टिकवून धरायला कुणीतरी लागतं. गटानं सोबत जायच्या पाळ्या लावल्या. ठराव केला, वहीत लिहिला, सह्या अंगठे केले. मी सांगितलं नव्हतं.

त्यातूनच वहीची कल्पना निघाली. तीही माझी नाही बरं का, सचिव ताईची. ती म्हणाली, आपल्या बारा जणींत एवढं निघालं, तर बाकीच्या वस्त्यांवर किती असेल? आणि आपण तर एकमेकींच्या वस्तीवर जातसुद्धा नाही.

हे खरंच आहे. आपल्या एकेका गावात गट कसे असतात बघा. गावठाणातला वेगळा, वस्तीवरचा वेगळा, तांड्यावरचा वेगळा, मोहल्ल्यातला वेगळा. ग्रामसंघात एकत्र येतो, पण कुंकवाच्या, मेहंदीच्या, फेट्याच्या रांगा तिथंही वेगळ्याच बसतात. कर्जाचं बोलतो, लेकरांचं बोलत नाही.

तर दोनशे पानी वही आणली. नियम एकच. डाव्या पानावर जिला जे सांगायचं ते तिनं लिहायचं, नाव टाकायचं की नाही ती तिची मर्जी. उजवं पान कोरं सोडायचं. वही एका गटाकडं आठवडाभर राहणार, मग पुढच्या वस्तीवर. तिथल्या बायकांनी वाचायचं आणि कुणाला काही म्हणायचं असेल तर उजव्या पानावर लिहायचं. जिला लिहिता येत नाही तिनं सांगायचं, गटातली दुसरी कुणी लिहील. लेकीकडून लिहून घ्यायचं नाही, हे नंतर ठरलं. कारण आईला लेकीसमोर सगळं बोलता येत नाही.

काही जणी म्हणाल्या, हे काय शहरी खूळ? मला नाही तसं वाटत. आपल्या आज्या पहाटे जात्यावर बसून काय करत होत्या? हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांमधून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्यात. त्यात देवाधर्माच्या आहेत, पण माहेरच्या आहेत, सासुरवासाच्या आहेत, लेक-लेकाच्या आहेत. एकीनं सुरुवात करायची, समोरचीनं दुसरी ओवी जोडायची. डावं पान, उजवं पान तेव्हाही होतंच. गिरणी आली, हाताचे कष्ट गेले, ते बरंच झालं. पण समोरासमोर बसायची जागा गेली.

आता वहीत काय काय आलं ते सांगते. थोडंच सांगते.

तांड्यावरची एक ताई दरवर्षी दिवाळीनंतर कोयत्याला जाते. उचल घेतलेली असते, न जाऊन चालत नाही. तिचं पान फोनवरून आलं. कारखान्याच्या तळावरून, कोपीत बसून तिनं आवाज पाठवला आणि इथं सीआरपी ताईनं उतरवून घेतला. तीन महिन्यांचं बाळ घेऊन गेली होती. पहाटे तीनला उठायचं, फडात पाचटावर गोधडी टाकून बाळाला ठेवायचं, मोळ्या वाहायच्या, आणि दर दहा मिनिटांनी मान वळवून बघायचं की ट्रॅक्टर त्या बाजूला तर वळला नाही ना. तिनं दुसरं काही म्हटलं नाही. फक्त एवढंच की मान दुखते.

ते पान गावठाणातल्या एका बागायतदाराच्या सुनेनं वाचलं. तिनं उजव्या पानावर काय लिहावं? ‘तुझ्या बाळाचे कोणते डोस राहिलेत ते कळव. कार्ड इकडं असेल तर त्याचा फोटो पाठवायची व्यवस्था करते. मी अंगणवाडीजवळच राहते.’ तिनं कार्ड शोधलं, फोटो पाठवला, आणि त्या फोटोवर तळाजवळच्या उपकेंद्रात बाळाला राहिलेले डोस मिळाले. या दोघी अजून एकमेकींच्या घरी चहाला गेलेल्या नाहीत. मी खोटं चित्र रंगवत नाही. पण कार्ड गेलं.

एक आजी आहेत. लेक बाळंतपणात गेली, नातवाला त्याच वाढवतात. त्यांनी लिहून घेतलं, ‘शाळेत आईचं नाव विचारतात तेव्हा पोरगं माझ्याकडं बघतं.’ एक सून आहे, दुसऱ्या राज्यातून लग्न होऊन आलेली. मराठी कळतं, बोलताना अडखळते. तिनं हिंदीत लिहिलं. बाळंतपणात इथल्या चवीचं जेवण तिच्या घशाखाली उतरायचं नाही आणि सगळे म्हणायचे, नखरे करते. मोहल्ल्यातल्या एका चाचींनी तिला हिंदीतच उत्तर लिहिलं आणि डब्यात भात पाठवला.

आणि एक पान असं आलं की वही तीन आठवडे त्याच वस्तीवर अडकली. त्यावर दोनच ओळी होत्या. ‘माझं बाळ नऊ दिवस जगलं. मी या वहीत लिहू शकते का?’

उजवं पान भरलं, मग समासात लिहिलं, मग जादा कागद चिकटवला. एकोणीस जणींनी लिहिलं. त्यातल्या सात जणींनी आपापलं गेलेलं बाळ लिहिलं. काहींची वीस-वीस वर्षांपूर्वीची. मी त्या सगळ्यांना ओळखते, त्यांची कर्जं मंजूर करताना त्यांच्या घरी जाऊन आलेय, कुटुंबाच्या फॉर्मवर मुलांची संख्या मीच भरलीय. ती सात बाळं कुठल्याच फॉर्मवर नव्हती.

मागं एका आढावा बैठकीत एका साहेबांनी विचारलं, हे सगळं ठीक आहे, पण बायकांनी एकमेकींचं दुःख ऐकून होतं काय? तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज देते.

झारखंड आणि ओडिशामधल्या तीन जिल्ह्यांत, बहुतांश आदिवासी भागात, ‘एकजुट’ नावाच्या संस्थेनं 2005 ते 2008 मध्ये हेच करून पाहिलं आणि त्याचं मोजमाप ठेवलं. काही भागांत महिला गटांच्या बैठका घेतल्या, काही भागांत नाही, आणि मग दोन्हीकडं जन्मलेल्या बाळांचं काय झालं ते तपासलं. बैठका चालवणारी बाई डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. तिथलीच, तिथली भाषा बोलणारी. दर महिन्याला बैठक, अशा वीस बैठका. तिनं भाषण द्यायचं नाही. चित्रांची कार्डं, गोष्टी, खेळ. आपल्याकडं बाळंतीण किंवा बाळ कशानं जातं, ते बायकांनीच आपापल्या अनुभवातून सांगायचं. का झालं, त्याच्या आधी काय झालं, असं मागं मागं जायचं. मग त्यावर आपल्याला काय करता येईल ते ठरवायचं, करायचं आणि शेवटी तपासायचं.

2010 मध्ये ‘लॅन्सेट’ या डॉक्टरी नियतकालिकात त्याचा निकाल आला. जिथं गट होते तिथं पहिल्या महिनाभरात दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण तीन वर्षांत मिळून 32 टक्क्यांनी कमी होतं. शेवटची दोनच वर्षं घेतली तर 45 टक्क्यांनी. ज्या घरांची परिस्थिती सगळ्यात हलाखीची, तिथं फायदा जास्त झाला, हेही पुढं अभ्यासात दिसलं. आणि तिसऱ्या वर्षी आयांमधलं मध्यम स्वरूपाचं नैराश्य 57 टक्क्यांनी कमी दिसलं.

औषध नवीन नव्हतं. बाळंतपण करणारीनं हात धुणं, स्वच्छ साहित्य वापरणं, बाळाला वरचं काही न देता अंगावरच पाजणं, हेच वाढलं. हे आपल्या आशाताईही घसा कोरडा करून सांगतात. पण सांगितलेलं आणि चार जणींच्या अनुभवातून स्वतःला उमगलेलं यात फरक पडतो. आणि त्यातले बरेचसे गट मुळात आपल्यासारखेच आधीपासून चालू असलेले बचत गट होते. बसायची सवय, हजेरीची सवय, एकमेकींची जामीन राहायची सवय हे सगळं आपल्याकडं तयार आहे. दशसूत्रीत आरोग्य आहेच की, आपण त्याच्यापुढं फक्त टिक करतो.

आता माझी चूक सांगते. ही सांगितल्याशिवाय खाली बसले तर तुमच्यातल्या एकीशी बेइमानी होईल.

एका ताईनं वहीत लिहिलं होतं की बाळंतपणानंतर दोन महिने तिला बाळाला जवळ घ्यावंसंच वाटत नव्हतं. सगळं सुन्न. विहिरीकडं जायची भीती वाटायची, स्वतःचीच. तिनं नाव टाकलं नव्हतं. मला ते पान इतकं महत्त्वाचं वाटलं की मी दुसऱ्या गावच्या बैठकीत ते वाचून दाखवलं. नाव नाही, गाव नाही, मला वाटलं काय बिघडतंय? पण त्यात तिच्या घराजवळच्या एका खुणेचा उल्लेख होता आणि तिच्या किती बहिणी ते होतं. त्या बैठकीत तिच्या सासरच्या नात्यातली एक बाई बसलेली. दोन दिवसांत गोष्ट घरी पोचली, आणि पोचताना काय झाली असेल ते तुम्हाला सांगायला नको. ‘लेकराच्या जीवावर उठली होती’ असं झालं.

ती चार महिने बैठकीला आली नाही. बचत दिराच्या हातून पाठवायची. मी माफी मागायला गेले, दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा गेले तेव्हा चहा दिला, पण त्या विषयावर एक शब्द बोलली नाही. आता ती पुन्हा बैठकीला येते. वहीत मात्र तिनं परत लिहिलेलं नाही, आणि मी तिला तसं म्हणणारही नाही.

त्यानंतर बायकांनीच नियम बसवले. वही गटाच्या पेटीत कुलपात राहील, पुस्तकांसोबत. वाचन बैठकीतच, घरी न्यायची नाही. जिनं लिहिलं तिला विचारल्याशिवाय दुसऱ्या वस्तीवर पान जाणार नाही. नको म्हणाली तर ते पान दोऱ्यानं शिवून टाकायचं. जीव धोक्यात असल्यासारखं काही आलं तर मात्र गप्प बसायचं नाही, त्याच दिवशी तिच्याशी बोलायचं. आणि समन्वयकानं वही मागितली तर आधी गटाला विचारायचं. शेवटचा नियम माझ्यासाठी आहे. वाचला तेव्हा लाज वाटली, पण योग्य आहे. आज ज्या पानांबद्दल बोलले, त्यातल्या प्रत्येकीला मागच्या पंधरवड्यात भेटून विचारलंय. एकीनं नको म्हटलं, ते आज मी बोलले नाही. आणि हे चुकीचं सांग, असं त्या ताईनं स्वतः सांगितलं.

तिला जे झालं होतं ते वाईटपणा नव्हता, आजार होता, बरा होणारा. बाळंतपणानंतर बऱ्याच जणींना होतं. पंधरा दिवसांहून जास्त कुणी बाळंतीण सारखी उदास असेल, झोप लागत नसेल, बाळ नकोसं किंवा जगणं नकोसं वाटतंय असं म्हणत असेल, तर ‘दृष्ट लागली’ म्हणून घरात ठेवू नका. ‘टेलि-मानस’चा 14416 हा नंबर सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. लिहून घ्या. जीव द्यायचं बोलत असेल तर तिला क्षणभरही एकटं सोडू नका आणि दवाखान्यात न्या. आशाताई बाळंतपणानंतर 42 दिवसांपर्यंत घरी येतात. त्या बाळाचं वजन करत असतात तेव्हा आईचंही विचारा म्हणावं. वही ही डॉक्टरच्या जागी नाही. बाळ दूध ओढत नाही, अंग गार पडलंय, धाप लागलीय, अशा वेळी वही उघडायची नाही, 108 लावायचा.

एक अडचण अजून सुटलेली नाही, तीही सांगते. सासवा. आपल्या गटांत सासू आणि सून एकाच बैठकीत असतात. सुनेनं काय बोलावं? दोन गावांनी वेगळ्या दिवशी बसून पाहिलं, तर सासवा म्हणाल्या, आमच्याविरुद्ध कट चाललाय. एका गावात उलटं झालं. एका सासूनंच आधी स्वतःच्या बाळंतपणाचं लिहिलं, तिच्या सासूनं तिला चार दिवस काय काय खाऊ दिलं नव्हतं ते. सून ऐकत होती. पुढच्या आठवड्यात सुनेनं लिहिलं. पण हे एका गावात झालं. बाकी ठिकाणी काय करायचं मला माहीत नाही, तुम्ही जास्त जाणता. दुपारच्या गटचर्चेत यावर बोलूया.

संघाकडं माझी मागणी छोटी आहे. मासिक बैठकीत हिशेबाच्या आधी वीस मिनिटं यासाठी ठेवा. आधी, नंतर नाही. हिशेब झाला की प्रत्येकीला घरचा स्वयंपाक दिसायला लागतो. आणि सोबत जाणाऱ्या बाईच्या एसटी भाड्यासाठी ग्रामसंघाच्या निधीतून तरतूद करा. आजच्या ठरावांत अकरावा क्रमांक त्याचाच आहे. हात वर करताना विसरू नका.

ती पोर आता सहा वर्षांची होईल. कानाला मशीन लागलं. ‘आई’ म्हणते, ‘पाणी’ म्हणते, आणि शेळीला काहीतरी म्हणते, ते फक्त शेळीला कळतं. परवाच्या बैठकीत तिनं माझी पर्स उचकली आणि रडून गोंधळ घातला. तिला आता कुणी गुणी म्हणत नाही.

बाहेर पडताना उजव्या हाताच्या टेबलावर कोऱ्या वह्या ठेवल्यात, प्रत्येक ग्रामसंघाला एक. सही करून घेऊन जा. पेन दोरीनं बांधलंय, ते तिथंच राहू द्या. मागच्या सभेत पाच पेनं गेली.